स्टॅफर्डची कॅज्युअल्टी, चार तासांचं टार्गेट आणि नोकरी सोडून गेलेली नर्स

नर्सिंगच्या वर्गात इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड हॉस्पिटलचा विषय निघतो तो पेशंटची हेळसांड म्हणून. पाणी द्यायला कोणी नव्हतं म्हणून फुलदाणीतलं पाणी प्यायले असं नातेवाइकांनी सांगितलेलं, घाण झालेल्या चादरीवर तासनतास पडून राहिलेले म्हातारे, हे ऐकून मुली हळहळतात आणि तास संपतो. मला मात्र हे नर्सेसच्या छळाचं प्रकरण म्हणून मांडायचंय, कारण ते तेवढंच त्याचंही आहे, आणि आपल्याकडे "स्टाफ टिकत नाही हो" म्हणून जी कायमची ओरड असते तिच्या मुळाशी जायला इतकं नीट कागदावर आलेलं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. एरवी छळाच्या गोष्टी कॅन्टीनमध्ये कुजबुजीत राहतात, इथे त्या रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीसमोर उघड साक्षीत सांगितल्या गेल्यात.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टॅफर्ड हे इंग्लंडच्या मधल्या भागातलं छोटं शहर, तिथलं सरकारी हॉस्पिटल मिड स्टॅफर्डशायर नावाच्या एनएचएस ट्रस्टकडे होतं (एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ट्रस्ट म्हणजे तिच्यातली हॉस्पिटल चालवणारी संस्था) आणि 2005 ते 2009 हा तो वाईट काळ. तेव्हा इंग्लंडभरच्या कॅज्युअल्टींना एक टार्गेट होतं, आलेल्या पेशंटपैकी 98 टक्के पेशंट चार तासांच्या आत तपासून, उपचार करून एकतर घरी नाहीतर वॉर्डात गेले पाहिजेत. टार्गेट वाईट नव्हतं हे आधीच सांगते, त्याच्या आधी लोक कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर ताटकळत पडलेले असायचे. पण चार तास ओलांडले की त्याला ब्रीच म्हणायचे आणि ब्रीच झाला की वरून जाब विचारला जायचा, एकेका ब्रीचचा.

त्याच सुमाराला या ट्रस्टला फाउंडेशन ट्रस्टचा दर्जा हवा होता, म्हणजे स्वतःचे पैशाचे निर्णय स्वतः घ्यायची जास्त मोकळीक. त्यासाठी हिशेब चांगले दिसायला हवेत, म्हणून 2006-07 मध्ये 1 कोटी पौंड वाचवायचं ठरलं आणि दीडशेहून जास्त पोस्ट गेल्या. पुढे हेल्थकेअर कमिशनने, म्हणजे हॉस्पिटलांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने, तपास केला (रिपोर्ट मार्च 2009 चा) तेव्हा कळलं की हॉस्पिटलमध्ये सुमारे 120 नर्सेस कमी होत्या. कॅज्युअल्टीत आलेला पेशंट किती सिरियस आहे हे रिसेप्शनवर बसलेली माणसं ठरवत होती, ज्यांचं क्लिनिकल ट्रेनिंग काहीच नव्हतं. इमर्जन्सी असेसमेंट युनिटमध्ये नर्सेस हार्ट मॉनिटर बंद करून ठेवायच्या कारण ते वापरायचे कसे हे त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. आणि या सगळ्यात, फेब्रुवारी 2008 मध्ये, ट्रस्टला तो दर्जा मिळालासुद्धा! कागदावर सगळं छान होतं ना.

आता मूळ माणसाकडे येते. हेलेन डोनेली ही या कॅज्युअल्टीतली स्टाफ नर्स. तिने चौकशीसमोर जे सांगितलं त्याचा सारांश असा की डिपार्टमेंटमधल्या दोन इन्चार्जना (तिथे इन्चार्जलाच सिस्टर म्हणतात, गोंधळ नको म्हणून मी इन्चार्जच लिहिते) सगळा स्टाफ घाबरून असायचा, आणि पेशंटची काळजी नीट घेतली जात नाहीये हे दिसत असूनही बोलायची कोणाची हिंमत नव्हती, कारण बोललीस तर तुझी काही खैर नाही. नियम मोडणं हा रोजचाच भाग झाला होता. पेशंटला चार तास वीस मिनिटं झालीत तर केस पेपरवर आणि कॉम्प्युटरवर वेळ बदलून चार तासांच्या आतली टाकायची. झालं, ब्रीच नाही.

हे बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण छळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आरडाओरडा येतो. इथे छळाचं हत्यार होतं घड्याळ. तीन तास पन्नास मिनिटं झालेला पेशंट समोर आहे, त्याचं पोट दुखतंय, डॉक्टरने अजून नीट बघितलेलं नाही, वॉर्डात बेड नाही, आणि इन्चार्ज मागे उभी आहे. अशा वेळी नर्सपुढे तीनच वाटा असतात. पेशंटला घाईघाईने कुठेतरी ढकलायचं, वेळ खोटी लिहायची, नाहीतर ब्रीच होऊ द्यायचा आणि मग सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं. डोनेलीने स्वतःबद्दलही लपवलं नाही, पाच-दहा मिनिटांचाच प्रश्न असेल आणि पेशंटचे उपचार व्यवस्थित झाले असतील तर मीही ते चालवून घेतलं असं तिने सांगितलं, पण पेशंट खूप वेळ थांबलेत आणि त्यांच्याकडे नीट बघितलंही गेलेलं नाही अशा वेळी तिने खोटं लिहायला विरोध केला. तिच्या या कबुलीमुळे मला तिची साक्ष जास्त खरी वाटते. चांगली नर्स एका दिवसात वाकत नाही, रोज पाच पाच मिनिटांनी वाकते.

तिच्या सांगण्याप्रमाणे तिने जवळपास शंभर इन्सिडंट फॉर्म भरले. स्टाफ कमी आहे, पेशंटला धोका आहे, असे. त्यावर काही झालं नाही, फॉर्म कुठे गेले, कोणी वाचले, काही उत्तर नाही. मग ऑक्टोबर 2007 मध्ये तिने त्या दोन इन्चार्जच्या वागण्याबद्दल रीतसर तक्रार केली. आणि खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

तक्रार केली हे डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना कळलं. सहकाऱ्यांकडून धमक्या यायला लागल्या. रात्रीची ड्युटी संपली की हॉस्पिटलच्या अंधाऱ्या पार्किंगमधून एकटीने गाडीपर्यंत जायची तिला भीती वाटायला लागली, त्यामुळे आई, वडील किंवा नवरा, कोणीतरी तिला न्यायला यायचं. एक रजिस्टर्ड, अनुभवी नर्स, सरकारी हॉस्पिटलमध्ये, स्वतःच्याच सहकाऱ्यांच्या भीतीने ड्युटीनंतर घरच्या माणसाची वाट बघत थांबतेय. 2008 मध्ये तिने स्टॅफर्ड सोडलं आणि पुढे दुसऱ्या ट्रस्टमध्ये काम केलं. नर्सिंग सोडलं नाही हे महत्त्वाचं. तिला काम नको होतं असं नाही, ती जागा नको होती.

नर्सेसची बाजू घ्यायला तिथे युनियन होती की, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग, जगातल्या मोठ्या नर्सिंग संघटनांपैकी एक. चौकशीने तिच्याबद्दल स्पष्ट म्हटलंय की स्टॅफर्डमध्ये ती व्यावसायिक संघटना म्हणूनही कुचकामी ठरली आणि युनियन म्हणूनही. मला हा रिपोर्टमधला फार दुखरा भाग वाटतो कारण इथे एक खरी अडचण आहे, तक्रार करणारी नर्सही मेंबर असते आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती इन्चार्जही मेंबर असू शकते, मग संघटना उभी कोणामागे राहणार? अशा वेळी बहुतेक ठिकाणी सीनियरच्या मागे उभं राहणं सोपं पडतं. आपल्याकडच्या संघटनांनीही याचा विचार आधीच करून ठेवायला हवा, प्रकरण अंगावर आल्यावर नाही.

बरं, हे एकट्या डोनेलीचं म्हणणं असतं तर कोणी म्हणालं असतं की पटत नव्हतं दोघींचं, नर्सेसची आपापसातली भांडणं. पण त्याच कॅज्युअल्टीत 2007 च्या ऑक्टोबरमध्ये रुजू झालेले डॉक्टर क्रिस टर्नर यांनीही साक्ष दिली. त्यांनी सांगितलं की चार तासांत पेशंट हलले नाहीत तर नोकरी जाईल अशी धमकी नर्सेसना जवळपास रोज दिली जायची, आणि मीटिंगमधून नर्सेस रडत बाहेर येताना त्यांनी स्वतः बघितलेल्या. म्हणजे दाब कुठून येत होता बघा. सरकारचं टार्गेट, त्याखाली दर्जा मिळवायला निघालेलं ट्रस्टचं मॅनेजमेंट, त्याखाली मीटिंग घेणारे मॅनेजर, त्याखाली इन्चार्ज, त्याखाली स्टाफ नर्स. आणि सगळ्यात खाली ट्रॉलीवर पडलेला पेशंट, ज्याच्याखाली दाब ढकलायला कोणीच उरत नाही.

याच कॅज्युअल्टीतून एप्रिल 2006 मध्ये सायकलवरून पडलेल्या 20 वर्षांच्या मुलाला बरगड्यांना मार लागलाय म्हणून वेदनाशामक देऊन घरी पाठवलं होतं. त्याची प्लीहा फुटली होती, तो वाचला नाही. त्या एका मृत्यूला नर्सेसचा छळ जबाबदार असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण जिथे "हा पेशंट मला बरोबर वाटत नाहीये, पुन्हा बघा" असं म्हणणाऱ्या नर्सला शिक्षा होते तिथे असा पेशंट पकडला जायची शक्यता किती राहते, याचा विचार करा.

वॉर्डातही तेच. एप्रिल 2007 मध्ये 66 वर्षांची एक डायबेटिक बाई याच हॉस्पिटलमध्ये दगावली, तिला इन्सुलिन दिलंच गेलं नव्हतं. त्याबद्दल 2014 मध्ये ट्रस्टला 2 लाख पौंड दंड झाला आणि त्या केसमध्ये मुख्य मुद्दा होता हँडओव्हर (ड्युटी संपताना पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती देणं, आपण ओव्हर म्हणतो ते) आणि रेकॉर्ड नीट नसण्याचा. ही बाई डायबेटिक आहे हे एका शिफ्टकडून दुसऱ्या शिफ्टकडे गेलंच नाही.

हँडओव्हरपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण इथे स्टॅफर्ड आणि आपले वॉर्ड एकदम जवळ येतात. आपल्याकडे ओव्हर ही नव्या मुलीची रोजची परीक्षा असते. सकाळी पावणेआठ, नाईट करून डोळे लाल झालेली मुलगी बेडच्या पायथ्याशी उभी राहून सांगतेय आणि सीनियर मध्येच विचारते, पाच नंबरचं पोटॅशियम किती आलं? तिला चटकन आठवत नाही, ती वही चाळते, तेवढ्यात पेशंट, नातेवाईक, मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं "काय शिकवतात गं तुमच्या कॉलेजात?" हे म्हणणाऱ्या सिस्टरला वाटतं मी शिस्त लावतेय. पण मुलगी त्या दिवशी शिकते ते एवढंच की या बाईंना काही विचारायचं नाही. आणि मग पुढच्या नाईटला पोटॅशियम क्लोराईडची ड्रिप लावायची असते, किती डायल्युट करायचं, किती स्पीडने सोडायचं याबद्दल मनात शंका असते, सिस्टर समोरच्याच टेबलावर बसलेल्या असतात आणि ती विचारत नाही. पोटॅशियम चुकीच्या प्रमाणात किंवा वेगाने गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

हे नुसतं माझं मत नाही. 2015 मध्ये इस्राएलमध्ये नवजात बाळांच्या आयसीयूतल्या 24 टीमवर एक प्रयोग झाला. मॅनिकिनवर, म्हणजे बाळाच्या पुतळ्यावर, सिम्युलेशन होतं, बाळाची तब्येत बिघडतेय, टीमने ओळखून उपचार करायचे. काही टीमना बाहेरून आलेला एक एक्स्पर्ट कामाच्या आधी आणि मध्येच थोडं लागेल असं बोलला, शिवीगाळ वगैरे काही नाही, नुसतं तुमच्या इथल्या मेडिसिनचा दर्जा काही खास नाही अशा धर्तीचं. तेवढ्यानेही त्या टीमचं निदान आणि हाताचं काम दोन्ही खालावलं, आणि त्यातलं महत्त्वाचं कारण असं निघालं की त्यांनी एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी केलं. एका परक्या माणसाच्या दोन वाक्यांनी हे होतं. रोज तेच ऐकणाऱ्या वॉर्डात काय होत असेल?

छळ कशाला म्हणायचं यावर नेहमी वाद होतो, "एवढं तर ऐकून घ्यावंच लागतं" असं लगेच येतं. नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांनी यासाठी 22 प्रश्नांची एक प्रश्नावली केलीय जी जगभरच्या नर्सिंग संशोधनात वापरतात. त्यात ओरडणं आहेच, पण कामाला लागणारी माहिती मुद्दाम न देणं, वाळीत टाकल्यासारखं वागणं, झेपणारच नाही एवढं काम देणं, अशक्य मुदत घालणं, सतत चुका काढत राहणं हेही आहे. साधारण सहा महिने, दर आठवड्याला निदान एकदा असं घडत असेल आणि समोरच्याला स्वतःचा बचाव करता येत नसेल तर तो छळ, असा ढोबळ निकष. एक दिवस सिस्टर चिडल्या, हा छळ नाही. स्टॅफर्डचा चार तासांचा तगादा या निकषात सरळ बसतो आणि आपल्याकडची एक गोष्टही बसते जी कुठल्याच प्रश्नावलीत नाही, ती म्हणजे ड्युटी लिस्ट. कोणाला सलग नाईट, कोणाचा ऑफ दिवाळीत पडला आणि कोणाचा कधीच नाही, कोणाला दर वेळी दुसऱ्या वॉर्डात रिलिव्हर म्हणून पाठवलं जातं, हे सगळं इन्चार्जच्या पेनात असतं. ओरडायची गरजच पडत नाही. एका महिन्याची लिस्ट पुरते.

आता टिकण्याबद्दल. स्टॅफर्डमधून डोनेली गेली तेव्हा हॉस्पिटलच्या कागदावर एक नर्स कमी झाली, एवढंच. पण गेली कोण? जी फॉर्म भरत होती, जी खोटं लिहायला नाही म्हणत होती, ती गेली. राहिले त्यांच्यात काही अतिशय चांगले लोक असणार, घरची जबाबदारी, कर्ज, गावातच दुसरं हॉस्पिटल नाही, प्रत्येकाला जाता येत नाही. पण मागे राहणाऱ्यांनी एक धडा घेतला, बोललं की काय होतं याचा. त्यानंतर येणारी नवी नर्स हा धडा पहिल्या आठवड्यात शिकते आणि एकतर गप्प बसते किंवा तीही जाते. म्हणून स्टाफ टिकत नाही हा आकड्यांचा प्रश्न म्हणून बघितला की हातातून निसटतो. दहा गेल्या, दहा घेतल्या, रजिस्टर भरलं, पण वॉर्डातून प्रत्येक फेरीत थोडी थोडी हिंमत कमी झालेली असते. स्टाफ कमी म्हणून दाब वाढतो, दाब वाढला की सीनियर अजून तुटून पडतात, अजून एक जाते.

आपल्याकडे तर हे समजायची सोयच नसते कारण राजीनाम्यावर खरं कारण कोणी लिहीतच नाही. लग्न ठरलं, घरगुती अडचण, पुढचं शिक्षण, सरकारी परीक्षेची तयारी, जर्मन शिकायला जातेय. यातली बरीच कारणं खरीही असतात, आणि पगार हे तर मोठं खरं कारण आहेच. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 बेडपेक्षा लहान खासगी हॉस्पिटलमध्येसुद्धा नर्सला महिना 20 हजारांपेक्षा कमी देऊ नये असं सुचवलं होतं, ते किती ठिकाणी मिळतं हे वाचणाऱ्या नर्सेसना चांगलं माहितीय. पण पगार तेवढाच कमी असलेल्या दोन वॉर्डांपैकी एकातून मुली भराभर जातात आणि दुसऱ्यात वर्षानुवर्षं राहतात, हे प्रत्येक हॉस्पिटलमध्ये दिसतं. पगाराने ते समजत नाही. आणि अनुभवाचं सर्टिफिकेट हातात पडायचं असताना, काही ठिकाणी तर ओरिजिनल सर्टिफिकेटही हॉस्पिटलच्या कपाटात असताना, "इन्चार्ज सिस्टर त्रास देतात" असं कोण लिहिणार हो?

कायद्याचं म्हणाल तर कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, नातेवाइकांनी मारहाण केली तर महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे ज्यात नर्सेसही येतात. पण आपल्याच सीनियरने वर्षभर टोचून टोचून जीव नकोसा केला तर त्यासाठी असा वेगळा कायदा नाही. सरळ धमकी असेल तर पोलीस, नाहीतर हॉस्पिटलची तक्रार समिती, जी एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणारी संस्था) फाईलमध्ये छान टाईप केलेली असते आणि जिच्यात बरेचदा मॅट्रन मॅडमच असतात.

इंग्लंडमध्ये पुढे काय झालं ते थोडक्यात. पेशंटच्या नातेवाइकांनी, विशेषतः आई गमावलेल्या ज्युली बेली यांनी, हा विषय सोडला नाही. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीने 139 दिवस साक्षी ऐकल्या, 6 फेब्रुवारी 2013 ला रिपोर्ट आला, 290 शिफारशी. त्या दोन इन्चार्जची नावं 2013 मध्येच तिथल्या नर्सिंग कौन्सिलने रजिस्टरमधून काढून टाकली. चूक झाली तर पेशंटला खरं सांगायची कायदेशीर सक्ती 2014 पासून आली. वेल्सने 2016 मध्ये नर्सेसच्या संख्येबद्दल कायदा केला. फ्रान्सिस यांनीच 2015 मध्ये स्टाफने निर्भयपणे बोलावं म्हणून दुसरा रिपोर्ट दिला आणि त्यातून प्रत्येक हॉस्पिटलमध्ये "फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन" नेमायचं ठरलं, म्हणजे नर्स, मावशी, डॉक्टर कोणीही जाऊन सांगू शकेल असा माणूस, जो त्यांच्या वरिष्ठांच्या साखळीत नाही. डोनेलीला 2014 मध्ये ओबीई हा सन्मान मिळाला आणि तिच्या नव्या ट्रस्टने तिला असंच काम आधीच दिलेलं होतं, स्टाफचं म्हणणं थेट वरपर्यंत न्यायचं.

इन्चार्जना शिक्षा झाली ते बरोबरच झालं असं मला वाटतं, वेळा खोट्या लिहायला लावणं आणि त्यासाठी माणसांना धाक घालणं याला माफी नाही. वरून दाब होता म्हणून हात झटकता येत नाहीत, तोच दाब डोनेलीवरही होता. पण ज्या मीटिंगमधून नर्सेस रडत बाहेर यायच्या ती मीटिंग इन्चार्जनी शोधून काढलेली नव्हती. आपल्याकडेही एखादी खडूस सिस्टर बदलली की प्रश्न सुटला असं मानतात आणि तीच खुर्ची, तेवढाच अपुरा स्टाफ, तोच वरून येणारा फोन घेऊन बसलेली नवी सिस्टर सहा महिन्यांत तशीच बोलायला लागते. मी स्वतः अतिशय मायाळू स्टाफ नर्सेस इन्चार्ज झाल्यावर बदललेल्या बघितल्यात आणि त्यांचंही मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांना पेशंट सांभाळायला शिकवलेलं असतं, माणसं सांभाळायला कोणी शिकवतच नाही.

गार्डियनच्या व्यवस्थेबद्दलही दोन्ही बाजू सांगायला हव्यात. आता तिथे वर्षाला 30 हजारांहून जास्त प्रकरणं गार्डियनकडे येतात, म्हणजे लोक बोलायला लागलेत. पण गार्डियन ऐकतो, पोचवतो, निर्णय मात्र त्याच्या हातात नसतो. इथून इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या मुलींना मी एवढंच सांगते की रुजू झाल्यावर गार्डियन कोण ते पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा, नाव आणि नंबर लिहून ठेवा. परदेशात गेलं की हे सगळं मागे सुटतं असा समज असतो, स्टॅफर्ड परदेशातच होतं.

नव्या मुलींसाठी एक गोष्ट मला खूप उपयोगी वाटते. अमेरिकेत बॉस्टनला 2004 मध्ये मार्था ग्रिफिन यांनी 26 नव्या नर्सेसना छळाचे नेहमीचे प्रकार ओळखायला शिकवलं आणि त्याला द्यायची शांत उत्तरं छोट्या लॅमिनेट केलेल्या कार्डांवर छापून जवळ ठेवायला दिली. वर्षभराने विचारल्यावर कळलं की समोरच्याला तोंडावर पण सभ्यपणे सांगितलं की बहुतेक वेळा तो प्रकार थांबत होता. आपल्या भाषेत तशी वाक्यं आधीच पाठ करून ठेवता येतात. "सिस्टर, माझं चुकलं असेल तर बाजूला घेऊन सांगा, मी नक्की शिकेन, पण पेशंटसमोर नको." रडू फुटायच्या वेळी वाक्य सुचत नाही, आधी घोकलेलं असेल तरच तोंडातून निघतं. मात्र सगळा भार नव्या मुलीच्याच अंगावर टाकायला हे कार्ड वापरू नका, प्लीज. जिला अजून नोकरी पक्की झालेली नाही तिने एकटीने वॉर्डाची संस्कृती बदलावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

हॉस्पिटल चालवणाऱ्यांना काय करता येईल? ड्युटी लिस्टसोबत प्रत्येकीच्या गेल्या तीन महिन्यांच्या नाईट आणि सुट्टीच्या दिवशीच्या ड्युट्या किती झाल्या ते भिंतीवर लावा, बाकी काही बोलायची गरज पडणार नाही, आकडे स्वतःच बोलतात. इन्सिडंट फॉर्म भरणाऱ्याला ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर जाऊ द्या, "वाचलं, सध्या करता येत नाही, कारण हे" असं असलं तरी चालेल, डोनेलीचे शंभर फॉर्म ज्या खड्ड्यात गेले तो खड्डा तरी बुजवा. नव्या मुलीला ज्यांच्या हाताखाली द्यायचं त्या सीनियर निवडताना किती वर्षं झाली एवढंच बघू नका.

आणि राजीनामे वॉर्डानुसार मांडा. अख्ख्या हॉस्पिटलचा एक आकडा काढला तर त्यात काही दिसत नाही, पहिल्या वर्षभरात कोण गेलं आणि कुठल्या वॉर्डातून गेलं असं मांडलं की दोन-तीन वॉर्ड लगेच वर येतात. त्या मुलींशी बोलायचं ते रिलिव्हिंग लेटर आणि सगळी सर्टिफिकेटं त्यांच्या हातात पडल्यावर, महिना-दोन महिन्यांनी, फोनवर, आणि बोलणारी व्यक्ती त्या वॉर्डाची, मॅट्रन ऑफिसची किंवा एचआरची नको. "का सोडलंत?" असं विचारलं तर पुन्हा लग्नच ऐकू येईल. "तुमच्या धाकट्या बहिणीला त्या वॉर्डात नोकरी मिळत असती तर काय सांगितलं असतं तिला?" असं विचारा, आणि मग मध्ये न बोलता ऐकून घ्या.